‘वॉशिंग्टनचे दिवे’

घटना १९ जुलै १९५२ ची, शनिवारची. रात्री ११.४० वाजता वॉशिंग्टन नॅशनल विमानतळाच्या रडारवर शहराच्या नैर्ऋत्येला सात ठिपके उमटले. त्या भागात एकाही विमानाची नोंद नव्हती. वरिष्ठ नियंत्रक हॅरी बार्न्स यांनी आधी यंत्र तपासून घेतले. ते ठणठणीत होते. अँड्र्यूज हवाई तळावरूनही आकाशात दिवे दिसल्याचे कळले. तिथल्या धावपट्टीची दुरुस्ती चालू असल्याने लढाऊ जेट विमाने डेलावेअरहून आली. ती पोहोचताच ठिपके गायब, परतताच पुन्हा हजर.

पुढच्या शनिवारी तोच प्रकार.

२९ जुलैला अमेरिकी हवाई दलाचे मेजर जनरल जॉन सॅम्फर्ड यांनी पत्रकार परिषदेत हवामानाकडे बोट दाखवले. जमिनीलगत गार हवा आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसला, की रडारची लहर वाकून खाली येते. मग जमिनीवरच्याच वस्तू पडद्यावर उडताना दिसतात. कारण शास्त्रीय आहे. पण असे फसवे ठिपके नेहमी पाहणाऱ्या नियंत्रकांना ते पटले नाही, आणि त्यांचे म्हणणे सहज झटकून टाकता येत नाही.

तपास मात्र तोकडाच पडला. अज्ञात उडत्या वस्तूंच्या नोंदी तपासणाऱ्या, हवाई दलाच्या ‘ब्लू बुक’ प्रकल्पाचे प्रमुख कॅप्टन एडवर्ड रुपेल्ट यांना पहिली बातमी वर्तमानपत्रातून कळली. ते तेव्हा वॉशिंग्टनमध्येच होते, तरी साक्षीदारांना भेटायला त्यांना साधी सरकारी गाडी मिळाली नाही. ते डेटनला, प्रकल्पाच्या मुख्यालयात परतले. १९६९ मध्ये प्रकल्प गुंडाळला तेव्हा १२,६१८ नोंदींपैकी ७०१ अनिर्णीत होत्या.