परिवर्तित रजा

सरकारी नोकराचं आजारपण म्हणजे मुळात हिशेब. केंद्राचे रजा नियम 1 जून 1972 पासून लागू झाले. त्याआधी 1922 चे मूलभूत नियम होते. वर्षाला 20 दिवस अर्धवेतनी रजा. डॉक्टरचा दाखला जोडला तर पूर्ण पगार, पण एका दिवसाला दोन दिवस वजा. हिचं भारदस्त नाव 'परिवर्तित रजा'.

दाखल्याचा नमुनाही मजेशीर. वर आजारी माणसाची सही, मग डॉक्टर लिहिणार की वर सही केलेल्या इसमाला मी स्वतः तपासलं. तापाने फणफणलेला असला तरी आधी सही! एकाचा दाखला दुसऱ्याने लावू नये, दुसरं काय?

खरी मेख पुढेच आहे. रजा संपल्यावर माणूस कामावर परतेल अशी वाजवी शक्यता असेल तरच ती परिवर्तित मिळते.

बाबा आस्थापना शाखेत होते, नियम तोंडपाठ. सेवापुस्तकात 1983 ची कावीळ आहे: परिवर्तित 30, वजा 60. आम्हाला त्यातलं आठवतं ते उसाच्या रसाचं पातेलं. 1991 च्या अर्जाची कार्बन प्रत घरी सापडली. खात्यावर रजा भरपूर शिल्लक, दाखला जोडलेला, आणि बाबांच्या अक्षरात मागणी अर्धवेतनी रजेची. डॉक्टरांनी आम्हाला तोवर काहीच सांगितलं नव्हतं.