चांद्याचा कापूस, बल्लारपूरचा बांबू

वर्धा नदीकाठचे बल्लारपूर ही एकेकाळची गोंड राजधानी. नदीच्या खोऱ्यात कापसाची काळी जमीन, तर पूर्वेला चंद्रपूर-गडचिरोलीचे बांबूचे जंगल. वनस्पतीपासून होणाऱ्या कापडांपैकी पर्यावरणाला कोणते कमी जड जाते, हे तपासायला हा मुलूख सोयीचा आहे.

कापूस आधीचा. चांदा (आजचे चंद्रपूर) जिल्ह्याच्या हातकताईच्या बारीक सुताला मोठे नाव होते. गिरणीच्या सुताने ते मागे पाडले. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे खादीच्या चळवळीने याच जिल्ह्यातील सावली या गावचा चरखा पुन्हा फिरू लागला. १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचे अधिवेशन याच गावी भरले आणि गांधीजी तेथे आले. सरकी काढायची, रुई पिंजायची, पेळू करून सूत कातायचे, मग मागावर विणायचे. या साऱ्या कामात ना कोळसा लागे, ना रसायन.

एक किलो कापसाला दहा हजार लिटर पाणी लागते, असे सर्रास सांगितले जाते. विदर्भातला बहुतेक कापूस कोरडवाहू असल्याने हा आकडा इथे दिशाभूल करतो. ते पाणी बहुतांशी पावसाचे असते. इथले खरे ओझे विषाचे आहे. २००२ मध्ये बीटी कापूस आला, पण गुलाबी बोंडअळी त्यालाही जुमानेनाशी झाली. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कापडाचा हिशेब करताना हे मृत्यू वगळता येत नाहीत.

ज्याच्या खोडाच्या धाग्यापासून लिनन होते, ते जवसही विदर्भाचेच पीक. मात्र इथले वाण तेलाचे, बुटके आणि फांद्याळ. लिननला उंच, सरळ खोडाचे वाण लागते.

जंगलातल्या बांबूला खत, फवारणी, नांगरट काहीच लागत नाही, आणि तोडल्यावर तो पुन्हा फुटतो. म्हणूनच त्याच्या कापडाचा गवगवा झाला. बल्लारपूरच्या १९४५ साली स्थापन झालेल्या कंपनीने मात्र या जंगलातल्या बांबूचा कागद केला. रेयॉनचा लगदा तिच्या तेलंगणातील कमलापूरम येथील कारखान्यात होत असे. तो २०१४ मध्ये बंद पडला.

बाजारातले मऊ ‘बांबूचे कापड’ बहुधा व्हिस्कोस, म्हणजे रेयॉनचाच एक प्रकार असते. लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवतात, त्यावर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करतात, पुन्हा सोड्याच्या द्रावणात विरघळवतात आणि बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या कुंडात सोडतात. तेथे त्याचा धागा होतो. कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या मज्जासंस्थेवर घाला घालते. लगद्याचा धागा करण्याच्या लायोसेल या दुसऱ्या पद्धतीत द्रावक जवळजवळ पूर्ण परत मिळवून पुन्हा वापरतात, म्हणून ती उजवी. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००९ मध्ये रेयॉनला नुसते ‘बांबू’ म्हणून विकणाऱ्यांवर कारवाई केली.

जंगल कोणाच्या हाती, हाही या हिशेबाचा भाग आहे. दीर्घकाळ बांबू कागदाच्या कारखान्याला भाडेपट्ट्याने मिळे आणि गावाच्या वाट्याला तोडीची मजुरी येई. वनहक्क कायद्यानंतर गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला सामूहिक हक्क मिळाले, आणि २७ एप्रिल २०११ रोजी आपला बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाने देण्याचा अधिकार तेथील ग्रामसभेकडे आला.

पिकापासून धाग्यापर्यंत पाहता, विषारी फवारणीविना पिकवलेला कोरडवाहू कापूस आणि त्याचे हातसूत बांबूच्या व्हिस्कोसपेक्षा सरस वाटते.