संगणक स्वयंचलितपणे बंद करणे

ठरविलेल्या वेळी किंवा ठरविलेली परिस्थिती उद्‌भवताच, माणसाच्या प्रत्यक्ष हस्तक्षेपाशिवाय, संगणकावरील कामे क्रमाने मिटवून त्याचा वीजपुरवठा तोडण्याची व्यवस्था. दिवा किंवा पंखा बंद करणे म्हणजे केवळ विद्युत् मंडल खंडित करणे होय; संगणकाच्या बाबतीत मात्र बंद करणे हे स्वतःच एक काम असते. चालू आज्ञावल्या थांबविणे, स्मृतीत तात्पुरती राखलेली माहिती तबकडीवर उतरविणे, तबकडीवरील संचिकांच्या नोंदी सुसंगत करणे व शेवटी वीज तोडणे, असे त्याचे टप्पे आहेत. हे काम प्रचालकाकडून यंत्राकडे सोपविण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक होत्या : हे सर्व टप्पे एका आदेशात गोवणे, तो आदेश घड्याळाशी जोडणे आणि विजेची कळ आज्ञावलीच्या ताब्यात देणे. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी साध्य झाल्या नाहीत. सामान्य वैयक्तिक संगणकात त्यांपैकी शेवटची सर्वांत उशिरा आली.

प्रारंभीचा काळ : पहिल्या पिढीच्या संगणकांपुढील प्रश्न नेमका उलट होता. अमेरिकेतील ‘एनिॲक’ (१९४६) या संगणकात सु. १८,००० निर्वात नलिका होत्या व त्याला सु. १५० किलोवॉट वीज लागे. नलिका तापताना व निवताना तिच्या भागांवर औष्णिक ताण येतो; त्यामुळे त्या बहुधा याच वेळी निकामी होत. म्हणून यंत्र शक्यतो बंदच करू नये, असे धोरण ठेवण्यात आले. मेरिलंड राज्यातील ॲबर्डीन येथे हलविल्यानंतर २९ जुलै १९४७ रोजी सुरू केलेला हा संगणक २ ऑक्टोबर १९५५ रोजी कायमचा थांबविण्यात आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला ‘टिफ्रॅक’ (१९६०) हाही निर्वात नलिकांचाच संगणक होता.

पुढे ट्रँझिस्टर आल्यावर ही अडचण दूर झाली. तथापि १९७० नंतर चुंबकीय गाभा स्मृतीची जागा अर्धसंवाहक स्मृती घेऊ लागली, तेव्हा दुसरी अडचण उभी राहिली. गाभा स्मृतीतील आशय वीज गेली तरी टिकून राही. अर्धसंवाहक स्मृतीतील आशय मात्र वीज जाताच पुसला जातो. यामुळे बंद करण्यापूर्वी माहिती तबकडीवर उतरविणे अपरिहार्य झाले.

आदेश व घड्याळ : बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ या परिचालन प्रणालीचा पाया घातला. वेग वाढविण्यासाठी ही प्रणाली तबकडीवर लिहावयाची माहिती काही काळ स्मृतीत साठवून ठेवीत असे व दर ३० सेकंदांनी ती तबकडीवर उतरवीत असे. मध्येच वीज गेल्यास तबकडीवरील नोंदी अर्धवट राहत आणि पुन्हा सुरुवात करताना त्यांची तपासणी व दुरुस्ती करावी लागे.

युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) ‘क्रॉन’ नावाची आज्ञावली होती. हे नाव कालवाचक ग्रीक शब्दावरून आले आहे. ती पार्श्वभूमीवर सतत चालू राहते, दर मिनिटास जागी होऊन वेळापत्रकाची संचिका पाहते व ज्या कामाची वेळ झाली असेल ते सुरू करते. वेळापत्रकातील प्रत्येक ओळीत मिनिट, तास, महिन्यातील तारीख, महिना व आठवड्याचा वार अशी पाच पदे असतात व त्यांपुढे आदेश असतो. सोमवार ते शुक्रवार रात्री १० वाजता संगणक बंद करावयाचा असल्यास अशी एक ओळ पुरेशी होते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत विकसित झालेल्या युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीत (१९८०) ‘शटडाउन’ हा आदेश समाविष्ट झाला. एकाच यंत्रावर अनेक जण काम करीत असल्याने त्यात सौजन्याची योजना केलेली होती. बंद होण्याची वेळ जवळ येईल तसतशा सर्वांच्या पडद्यांवर अधिकाधिक वेळा सूचना येत, शेवटच्या पाच मिनिटांत नव्या माणसास प्रवेश मिळत नसे आणि त्यानंतरच कामे थांबविली जात. असे आदेश ओळीने लिहून तयार केलेल्या संचिकेस ‘स्क्रिप्ट’ म्हणतात. स्क्रिप्टमध्ये अटी घालता येतात, उदा., कोणी काम करीत असल्यास थांबावे, नक्कलप्रत काढून झाली नसल्यास बंद करू नये इत्यादी. प्रचालकाने प्रत्यक्ष पाहून घ्यावयाचा निर्णय अशा रीतीने लेखी नियमात उतरला.

विजेची कळ : एवढे होऊनही अनेक यंत्रांत शेवटची कळ माणसालाच दाबावी लागे. ॲपल कंपनीच्या ‘लिसा’ (१९८३) या संगणकात बंद करण्याची कळ दाबल्यावर चालू कागदपत्रे आधी जतन होत व मगच यंत्र थांबे. परंतु सर्वसामान्य वैयक्तिक संगणकात वीज थेट यांत्रिक कळीने तोडली जाई. ‘विंडोज ९५’ ही प्रणाली (१९९५) अशा यंत्रावर सर्व टप्पे पूर्ण करून, आता संगणक बंद करण्यास हरकत नाही, अशी सूचना पडद्यावर दाखवी व माणसाची वाट पाहत राही. रात्री कोणी नसेल, तर ती सूचना सकाळपर्यंत तशीच झळकत राही.

इंटेल कंपनीने १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘एटीएक्स’ या मानकाने ही उणीव भरून काढली. त्यात वीजपुरवठा संचाकडून मुख्य मंडलास अल्प वीज सतत मिळत राहते व मुख्य पुरवठा चालू किंवा बंद करण्याचा संकेत मुख्य मंडलच देते. वीजव्यवस्थापनासाठी इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी १९९२ मध्ये ‘एपीएम’, तर इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी १९९६ मध्ये ‘एसीपीआय’ हे मानक तयार केले. दुसऱ्या मानकाने वीजव्यवस्थापनाची सूत्रे मुख्यत्वे परिचालन प्रणालीकडे सोपविली. त्यानंतर विंडोज ९८ मध्ये कामांचे वेळापत्रक ठेवणारी सोय व विंडोज एक्सपीमध्ये (२००१) शटडाउनचा आदेश अंतर्भूत झाल्याने ही पद्धत सामान्य कार्यालयांच्या आवाक्यात आली.

उपयोग : अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ मध्ये ‘एनर्जी स्टार’ ही योजना सुरू केली. तिच्यात प्रथम संगणक व त्यांचे पडदे यांचाच समावेश होता. विनावापर चालू राहणाऱ्या यंत्रांच्या खर्चाची कल्पना साध्या हिशेबाने येते. ६० वॉट वीज घेणारा संगणक संध्याकाळी ७ ते सकाळी ९ असे १४ तास रिकामा चालल्यास ०.८४ युनिट वीज खर्च होते. असे २०० संगणक असल्यास एका रात्रीत १६८ युनिट वाया जातात.

वेळेऐवजी परिस्थितीवर आधारलेला उपयोगही महत्त्वाचा आहे. अखंड वीजपुरवठा देणारा बॅटरीसंच केबलद्वारे संगणकास जोडतात. वीज गेल्यावर बॅटरी संपत आल्याचा संकेत मिळताच संगणक स्वतःस व्यवस्थित बंद करतो. महाराष्ट्रात २००५ नंतर काही वर्षे तीव्र भारनियमन होते. अशा परिस्थितीत जेथे बॅटरी थोडा वेळच टिकते व यंत्राजवळ कोणी नसते, तेथे ही सोय साठविलेली माहिती वाचविण्यास उपयोगी पडते.

मर्यादा : नियम घड्याळ पाहतो; यंत्रासमोर कोणी बसले आहे की नाही, हे त्यास आपोआप कळत नाही. आज्ञावल्या सक्तीने मिटविण्याचा पर्याय निवडल्यास जतन न केलेला मजकूर नष्ट होतो; सक्ती न केल्यास एखादी आज्ञावली उत्तराची वाट पाहत संपूर्ण प्रक्रिया अडवू शकते. म्हणून पूर्वसूचना, ठरावीक मुदत व त्या मुदतीत आदेश रद्द करण्याची सोय ठेवणे इष्ट ठरते. घड्याळ किंवा कालविभाग चुकल्यास आदेश भर कामकाजातही अमलात येतो. शिवाय बंद झालेले यंत्र स्वतःचे वेळापत्रक वाचू शकत नाही; ते पुन्हा सुरू करण्यासाठी मुख्य मंडलावरील घड्याळाचा गजर किंवा जाळ्यातून येणारा विशिष्ट संकेत वापरावा लागतो. अखंड सेवा देणाऱ्या संगणकांवर ही पद्धत सहसा वापरीत नाहीत. तेथे बंद करण्याचा आदेश देण्याचा अधिकार मोजक्या प्रशासकांपुरताच मर्यादित ठेवतात.