यीशिंग चहादाण्या

यीशिंग चहादाण्या : चीनच्या जिआंग्सू प्रांतातील यीशिंग परिसरात हाताने घडविल्या जाणाऱ्या, झिलई नसलेल्या मातीच्या चहादाण्या. ताइहू सरोवराच्या पश्चिमेकडील या परिसरातील डिंगशू हे गाव त्यांच्या निर्मितीचे मुख्य केंद्र होय. मराठीत ‘चिनी माती’ची म्हणून परिचित असलेली भांडी पांढरी व चकचकीत असतात, यीशिंगच्या भांड्यांचा पृष्ठभाग मात्र उघडा, किंचित रवाळ व मातीच्या मूळ रंगाचा असतो. रोजच्या वापरातील हे भांडे मिंग काळात (१३६८–१६४४) घडविणाऱ्याच्या नावाने ओळखले जाऊ लागले आणि त्यामुळे ते संग्राह्य ठरले. मात्र या नावांच्या प्रतिष्ठेमुळेच त्याच्या नकलाही होऊ लागल्या.

माती व घडण : या मातीस चिनी भाषेत ‘झिशा’ म्हणजे जांभळी वाळू असे नाव आहे. ती प्रामुख्याने डिंगशूजवळच्या ह्वांगलुंगशान या टेकडीतून खणून काढीत. तीत केओलीन, क्वॉर्ट्‌झ, अभ्रक व लोहाची ऑक्साइडे असतात. जांभळी, तांबडी व भाजल्यावर पिवळसर होणारी असे तिचे मुख्य प्रकार आहेत. खडकासारखी निघालेली माती उघड्यावर मुरवून, दळून, चाळून व पाण्यात कालवून दीर्घकाळ साठविली जाते. परंपरागत पद्धतीत चाकाचा वापर होत नाही. माती लाकडी थापीने ठोकून तिच्या पट्ट्या करतात, पट्टी वळवून नळकांडे बनवितात आणि ते फिरवीत थापटून त्यास पोटाचा आकार देतात. तोटी, मूठ व झाकण स्वतंत्र घडवून पातळ चिखलाने जोडकाम करतात आणि शिंगाच्या पातळ पट्टीने पृष्ठभाग घोटतात. भाजणी सुमारे १,१००° से. ते १,२००° से. तापमानास होते. भाजलेले भांडे पाणी झिरपू देत नाही, तरी त्यात सूक्ष्म सच्छिद्रता राहते. सततच्या वापराने व हाताळणीने त्यावर मंद तकाकी चढते. जुन्या दाणीत नुसते गरम पाणी ओतले तरी चहाचा स्वाद येतो, अशी लोकसमजूत आहे.

इतिहास : मिंग सम्राट हुंगवू याने १३९१ मध्ये दाबून केलेल्या वड्यांच्या रूपातील चहाची खंडणी बंद करून सुट्या पानांचा चहा स्वीकारला. चहाची भुकटी घुसळण्याऐवजी पाने गरम पाण्यात मुरविण्याची रीत रूढ होऊ लागली व मुरविण्यासाठी योग्य भांड्याची गरज निर्माण झाली. यीशिंगमधील निर्मितीचा आरंभ सोंग काळापर्यंत मागे नेण्याचा प्रयत्न १९७६ मध्ये यांगज्याओशान येथे सापडलेल्या खापरांच्या आधारे झाला. परंतु त्याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंपरेनुसार गुंग चुन हा पहिला नामांकित कारागीर. तो एका विद्वानाचा सेवक होता व जिनशा मंदिरातील भिक्षूकडून त्याने ही कला उचलली, असे सांगतात. त्यानंतरच्या शी दाबिनने आरंभी मोठ्या दाण्या घडविल्या. पुढे चेन जिरू आदी विद्वानांची चहाविषयीची मते ऐकून तो लहान दाण्यांकडे वळला. लहान दाणीत चहाचा सुगंध टिकतो, या रसिकांच्या मताचा तो परिणाम होता. १६४० च्या सुमारास जोउ गाओचीने यीशिंगच्या दाण्या व त्यांचे कारागीर यांवर ग्रंथ लिहिला. कुंभाराला नावानिशी स्थान देणारे असे लेखन तत्कालीन समाजात असाधारणच म्हणावे लागेल.

छिंग काळात चेन मिंगयुआनने फळे, शेंगा, वृक्षांचे खोड यांच्या आकारांना प्रतिष्ठा मिळवून दिली. चित्रकार, मुद्राकार व शेजारच्या लीयांगचा दंडाधिकारी चेन मानशंग (१७६८–१८२२) याने दाण्यांचे आकार योजले, यांग पंगनियन व त्याच्या आप्तांनी ते घडविले आणि मानशंग व त्याच्या मित्रांनी त्यांवर लेख कोरले. तळाशी मानशंगची व मुठीखाली पंगनियनची मुद्रा, अशी दुहेरी ओळख या दाण्यांस लाभली.

प्रसार व संग्रह : सतराव्या शतकात या दाण्या चहाबरोबर यूरोपात पोहोचल्या. डेल्फ्टमध्ये आरी डे मिल्डे, इंग्लंडमध्ये एलर्स बंधू व माइसेन येथे बटगर यांनी त्यांच्या धर्तीवर लाल मृत्पात्री तयार केली. सॅक्सनीचा इलेक्टर ऑगस्टस याच्या ड्रेझ्डेन येथील संग्रहातही यीशिंगची भांडी होती. जपानमध्ये १८७६ साली ओकू गेन्पो याने ३२ दाण्यांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला, तर १८७८ मध्ये तोकोनामे येथील कुंभारांना ही पद्धत शिकविण्यासाठी चिनी कारागीर पाचारण करण्यात आला. आधुनिक संग्राहकांत हाँगकाँगचे उद्योगपती के. एस. लो (१९१०–९५) यांचे स्थान मोठे आहे. त्यांनी दिलेल्या संग्रहावर तेथील चहापात्र संग्रहालय १९८४ मध्ये उभे राहिले.

अस्सल व नक्कल : दाणीवरील नाव हा तिच्या अस्सलपणाचा पुरावा ठरत नाही. गुरूची मुद्रा आदराने उमटविणे आणि फसवणुकीसाठी ती वापरणे, या दोन्ही गोष्टी यीशिंगमध्ये घडत आल्या. १९३० नंतरच्या दशकात शांघायच्या एका व्यापाऱ्याने गू जिंगजोउ (१९१५–९६), ज्यांग रुंग अशा निष्णात कारागिरांकडून जुन्या दाण्यांच्या प्रतिकृती करवून घेतल्या; त्यांतील काही पुढे जुन्या म्हणून संग्रहालयांत पोहोचल्या. गुंग चुनची म्हणून प्रसिद्ध असलेली व १९५० नंतर राष्ट्राला अर्पण झालेली दाणीसुद्धा वादग्रस्त असून ती एकोणिसाव्या शतकातील ह्वांग यूलिनची असावी, असे काही तज्ज्ञ मानतात. तापदीप्ती पद्धतीने भाजणीचा अदमासे काळ कळतो, घडविणारा कळत नाही.

म्हणूनच कालनिश्चित थडग्यांतील दाण्यांना विशेष मोल आहे. नानजिंगजवळील वू जिंग या राजसेवकाच्या १५३३ च्या थडग्यातील वर आडवी मूठ असलेली दाणी ही निश्चित काळ ज्ञात असलेली सर्वांत जुनी होय. वूशी येथील १६२९ च्या थडग्यातील दाणीवर शी दाबिनचे नाव कोरलेले आहे. अशा मोजक्या नमुन्यांशी माती, सांधे, अक्षरवळण व झाकणाची बसण ताडून पाहणे, हीच परीक्षणाची विश्वसनीय रीत आहे.

गू जिंगजोउ यांनी घडविलेली व वू हूफान यांनी चित्रांकित केलेली १९४८ ची दाणी २०१० मध्ये लिलावात १ कोटी २३ लाख २० हजार युआनांस विकली गेली. प्रतिकृतींमुळे ज्यांच्या कौशल्याची साक्ष पटली, त्या कारागिराच्या नावालाच आता नकलाकारांचे लक्ष्य व्हावे लागले. ह्वांगलुंगशान येथील खाणकामावर २००५ च्या सुमारास बंदी आल्याने जुन्या मातीचे मोल वाढले व रंगद्रव्ये मिसळलेल्या मातीची भांडी खऱ्या झिशाची म्हणून खपविली जाऊ लागली. २००६ मध्ये यीशिंगची ही कला चीनच्या राष्ट्रीय अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या पहिल्या यादीत समाविष्ट झाली. त्यामुळे दाण्यांइतकेच ती घडविण्याचे ज्ञानही जतन करण्याजोगा ठेवा असल्याचे अधिकृतपणे मान्य झाले.