झटके, दातखिळी : सोंग नव्हे, आजार

परभणी : पोरीला झटके येतात, दातखिळी बसते, वाचा जाते. तपासणीत मिरगी निघत नाही. मग गावात कुणी ‘बाहेरचं’ म्हणतं, कुणी ‘सोंग’. पण रुग्ण हे मुद्दाम करत नाही.

पूर्वी याला हिस्टेरिया म्हणायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० यादीत कन्व्हर्जन आणि डिसोसिएटिव्ह हे आजार ‘एफ-४४’ या एकाच गटात होते. २०२२ पासूनच्या आयसीडी-११ मध्ये झटके, लुळेपणा एकीकडे आणि त्रास देणारं ‘अंगात येणं’ वेगळं धरलंय. देवकार्यात रितीप्रमाणे वारं येणं आजारात मोडत नाही.

भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आधी डॉक्टरांना दाखवा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.