गंभीर दमा : दिल्लीची हवा आणि रुग्णांचे दैनंदिन जीवन

नवी दिल्ली : ऑक्टोबरअखेर राजधानी परिक्षेत्रात वारा मंदावतो, थंड हवेचा थर जमिनीलगत अडकतो आणि वाहनांचा, तसेच शेतात जाळलेल्या भाताच्या काडाचा धूर त्यातच साचून राहतो. दमेकऱ्यांची कसोटी याच काळात लागते.

प्रत्येक दमा गंभीर नसतो. श्वासावाटे घेतलेल्या स्टेरॉइडची उच्च मात्रा आणि श्वासनलिका दीर्घकाळ रुंद ठेवणारे औषध नियमित घेऊनही जो आटोक्यात येत नाही, किंवा मात्रा घटवताच बळावतो, त्यास वैद्यकशास्त्र ‘गंभीर दमा’ म्हणते. असे रुग्ण थोडेच असतात. इनहेलर चुकीच्या रीतीने वापरल्याने किंवा मध्येच सोडल्याने बळावलेला दमा त्यांत धरला जात नाही. ही गल्लत मात्र नेहमीचीच.

फुप्फुसांची क्षमता मोजून या रुग्णांची अवस्था पुरती कळत नाही. त्यासाठी एलिझाबेथ ज्युनिपर यांनी विकसित केलेली ३२ प्रश्नांची प्रश्नावली वापरली जाते. लक्षणे, हालचालींवरील मर्यादा, मनःस्थिती आणि भोवतालच्या हवेचा उपद्रव या चार अंगांनी मागील दोन आठवड्यांची विचारणा तीत होते. उत्तरे १ ते ७ या श्रेणीत असतात आणि सरासरीत अवघ्या अर्ध्या गुणाचा फरकही रुग्णाला जाणवण्याजोगा मानला जातो.

हा अर्धा गुण म्हणजे खोकल्याविना गेलेली एखादी रात्र, मेट्रो स्थानकाचा न थांबता चढलेला जिना. पहाटेच्या झटक्याने झोपमोड होते, कामावरील खाडे वाढतात आणि पुढच्या झटक्याची धास्ती मनातून जात नाही. वारंवार घ्याव्या लागणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी वजन व रक्तशर्करा वाढते, हाडे ठिसूळ होतात.

सूक्ष्म धूलिकण पीएम २.५ ची भारतातील २४ तासांची मर्यादा दर घनमीटर ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५ ची. दिल्लीतील हिवाळा या दोन्ही मर्यादा सहज ओलांडतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये तर येथे सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली होती. अशा दिवसांत घराबाहेर न पडण्याचा सल्ला दिला जातो. रिक्षाचालक, फेरीवाले आणि बांधकाम मजूर यांना तो पाळणे परवडत नाही.

ओमॅलिझुमॅब, मेपोलिझुमॅब यांसारखी जैविक इंजेक्शने निवडक रुग्णांत झटके व स्टेरॉइडची गरज कमी करतात. ती भारतात मिळतात, परंतु त्यांचा खर्च बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरच राहिला आहे.