ग्रीन कार्ड

ग्रीन कार्ड : अमेरिकेत कायमचे राहण्याचा व काम करण्याचा हक्क परदेशी नागरिकाला देणारे ओळखपत्र. दुसऱ्या महायुद्धानंतरची कार्डे हिरवी होती, त्यावरून हे नाव रूढ झाले. पुढे रंग बदलले. २०१० मध्ये हिरवा परत आला.

नोकरीच्या आधारे अर्जाचे सर्वसाधारणपणे तीन टप्पे असतात. त्या कामासाठी पात्र स्थानिक उमेदवार मिळाला नाही, असे प्रमाणपत्र मालक श्रम खात्याकडून मिळवतो. नंतर ‘आय-१४०’ हा अर्ज दाखल करतो. रांगेत क्रमांक आल्यावर अमेरिकेतील कर्मचारी ग्रीन कार्डासाठीचा ‘आय-४८५’ हा अर्ज भरतो. त्यासोबत वैद्यकीय अहवाल, बोटांचे ठसे व जन्मदाखला लागतो. जुन्या दाखल्यात बाळाचे नाव नसेल, तर नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे जोडतात.

१९९० च्या कायद्याने नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांची वार्षिक मर्यादा सुमारे १,४०,००० ठरवली. जोडीदार व मुलेही त्यातच मोजली जातात. एका देशात जन्मलेल्यांना साधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग दशकाहून लांबते. अनेक मराठी कुटुंबे दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये आपली ‘प्रायॉरिटी डेट’ (रांगेतील स्थान ठरवणारी तारीख) आली का, ते पाहतात. या प्रतीक्षेची सर्वांत मोठी झळ मुलांना बसते : वयगणनेतील सवलत धरूनही २१ वर्षे पूर्ण होताच पालकांच्या अर्जातील त्यांचे स्थान संपू शकते. तिथेच वाढलेल्या मुलांवर हा अन्याय आहे.

कार्डधारकाला राष्ट्रीय निवडणुकांत मताधिकार नसतो. सामान्यतः पाच वर्षांनंतर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो.